टाकाच नाही, मग ऑपरेशन झालं कुठं?

अहो, ऐकलंत का? ठेवा ती बादली खाली, कपडे काय पळून जात नाहीत. गिरणीवाल्यांच्या नातीचं हो! ऑपरेशन झालं ते तुम्हाला ठाऊक आहे, अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. मी त्याच्या पुढचं सांगतेय. रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला तुम्ही नेमक्या माहेरी गेलात, आणि तिथंच सगळं रंगलं. वाण राहिलं बाजूला, नि कोपऱ्यावरच्या वहिनींचा चेहरा असा काही... पण नाही, असं मधूनच सांगितलं तर मजा जाते. पहिल्यापासून सांगते.

अंगणवाडीपुढं ती पांढरी गाडी उभी राहते बघा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य लिहिलेली? दोन डॉक्टर असतात, एक बाई नि एक पुरुष, बरोबर सिस्टर आणि औषधांचा एक माणूस. अंगणवाडीला वर्षातून दोनदा येतात, शाळेला एकदा. इतकी वर्षं मला वाटायचं जंताच्या गोळ्या वाटायला येतात नि चहा पिऊन जातात. तर नाही हो! अठरा वर्षांपर्यंतच्या पोरांचं सगळं बघतात. डोळे, कान, दात, हृदय, पोरगं वेळेवर बोलतंय का, चालतंय का.

तर त्या डॉक्टरबाईंनी आपल्या छकुलीच्या छातीला नळी लावली. एकदा ऐकलं. परत ऐकलं. मग दुसऱ्या डॉक्टरांना हाक मारली. आता एकाच पोराला दोन-दोन डॉक्टर तपासायला लागले की आईचा जीव जागेवर राहील का? सून मला म्हणाली, "काकू, माझ्या पायातलं बळच गेलं." ठोक्यात आवाज येतोय म्हणे. आणि खरंच सांगते, त्या पोरीला सारखी सर्दी, सारखा खोकला, दोनदा न्यूमोनिया, अंगाला मांस म्हणून धरत नव्हतं. गिरणीवाल्या आजींचं आपलं एकच, "आवं दिष्ट लागतीया तिला. सगळ्यांच्या नजरंत येतीया." रोज तिन्हीसांजेला मीठ-मोहऱ्या. आपल्या अंगणवाडीच्या ताई कशा शांत आहेत माहीत आहे ना? त्या म्हणाल्या, "आजी, मोहऱ्या उतरवा हं तुम्ही. पण मंगळवारी सिव्हिललाही या."

सिव्हिलला ते टू-डी इकोचं शिबिर होतं. छातीला थंडगार जेल लावून टीव्हीवर हृदय दाखवतात ते. मुंबईहून डॉक्टर आले होते. निघालं काय, तर हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र. जन्मापासूनचं! तीन वर्षं कुणाच्या लक्षात नाही.

आणि मग गिरणीवाले घाबरले. घाबरणारच. ते गेले आधी एका खासगी ठिकाणी... नाव कशाला घ्या, आपल्याला काय करायचंय. तिथं एका चिठ्ठीवर आकडा लिहून दिला, अडीच ते तीन लाख. त्या दिवशी गिरणी दुपारीच बंद. मी बाजरी घेऊन गेले होते, तशीच परत आले.

आता इथं बँकवाले काका येतात गोष्टीत. ते कसे हो मागं राहतील! २०२१ मध्ये ते सोळा कोटींचं इंजेक्शन गाजलं होतं, आठवतंय? मुंबईच्या त्या बाळासाठी लोकांनी पैसे जमवले, आणि केंद्राने कस्टम ड्युटी नि जीएसटी मिळून सहा कोटींच्या आसपासचा कर माफ केला. तेव्हापासून काकांच्या मनात होतं की आपणही एकदा असं काहीतरी करावं. लगेच गल्लीच्या ग्रुपवर मेसेज, "आपल्या चिमुकलीसाठी मदतीचा हात." खाली त्यांचाच क्यूआर कोड. आणि रोज रात्री नऊला यादी! कुणी किती दिले, नावानिशी. मी अकराशे दिले, तुम्ही दिलेच होते पाचशे एक. एकानं एक्कावन्न दिले होते. नाव घेणार नाही मी, पण ज्यांच्या दारात दोन गाड्या आहेत त्यांच्याकडं बघा नि समजा. जमले सगळे मिळून अडतीस हजार का काहीतरी.

ताईंनी काकांना सांगितलं होतं हो, रस्त्यातच, भाजीच्या गाडीपाशी. मी तिथंच भेंडी निवडत होते, म्हणून तर कळलं. ताई म्हणाल्या, "काका, पैसे गोळा करताय ते चांगलंच आहे, पण ऑपरेशनला लागायचे नाहीत. ते फुले योजनेतून होतं. तिथं नाही बसलं तर बालस्वास्थ्यचा निधी असतो." काका हसले. ते कसे हसतात, नाकातून! म्हणाले, "अहो बाई, ती योजना दीड लाखाची. आणि पिवळ्या-केशरीवाल्यांना. मी जीवनदायी सत्त्याण्णव सालापासून बघतोय. सरकारी काम नि सहा महिने थांब."

ताईंनी पिशवी खांद्यावर नीट केली नि म्हणाल्या, "ते जुनं झालं, काका. १ जुलै २०२४ पासून पाच लाख आहे. कुटुंबाला, वर्षाला. आणि कार्ड कुठल्याही रंगाचं चालतं, तुमचं पांढरंसुद्धा."

काकांचा चेहरा बघायचा होता हो तुम्ही! म्हणजे तसं त्यांचंही काही चुकलं नाही, त्या योजनेची बारशी तरी किती झाली. आधी जीवनदायी. मग २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी, ती आधी आठ जिल्ह्यांत, पुढच्या वर्षी सगळीकडं. २०१७ ला महात्मा फुले जनआरोग्य. त्यात आणखी आयुष्मान भारत येऊन मिळालं. सामान्य माणसानं लक्षात ठेवायचं काय! पण काका सामान्य नाहीत ना, ते रिटायर्ड मॅनेजर आहेत. सत्त्याण्णवपासून बघतायत.

तर काय सांगत होते... हां, कार्ड. खरी गंमत कार्डाचीच झाली. मुंबईला जायचं ठरलं, आणि बघतात तर पोरीचं नाव रेशनकार्डावर नाहीच! गिरणीवाल्यांचं म्हणणं, "शाळंत घालताना बघू म्हणलं." आणि कार्डही ते जुनं, पिठाच्या हातांनी पांढरं झालेलं, बारा अंकी नंबर नाही. गेली सून तहसीलला, पुरवठा शाखेत. पोरीचा जन्मदाखला, सगळ्यांची आधार कार्डं, पिशवी भरून झेरॉक्स. ताई बरोबर गेल्या होत्या. माझ्यावर विश्वास ठेवा, ती सून जी आपल्याशी मान वर करून बोलत नव्हती, ती आता पुरवठा शाखेतल्या क्लार्कला नावानं ओळखते.

आणि मुंबईत काय झालं माहितेय? हे तिनं मला एकटीला सांगितलंय हं. एका मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं होतं, योजनेतलंच. तरी काउंटरवरची बाई म्हणते, पन्नास हजार डिपॉझिट भरा, नंतर बघू. नवऱ्यानं लगेच फोन काढला, काकांना लावायला. वर्गणी होती ना! हिनं त्याचा हात धरला. आणि काउंटरवर वाकून म्हणाली, "मॅडम, आरोग्यमित्र कुठं बसतात?" बस्स. एवढंच. ती बाई एकदम म्हणाली, "उजवीकडं, लिफ्टच्या बाजूला." डिपॉझिटचं नाव परत निघालं नाही! ताईंनी घरून निघतानाच सांगून ठेवलं होतं तिला, कुणी पैसे मागितले तर भांडायचं नाही, आरोग्यमित्र विचारायचा, म्हणजे हॉस्पिटलात बसणारा योजनेचा माणूस, आणि तो नसला तर १५५३८८ ला फोन लावायचा.

त्या आरोग्यमित्र पोरानं कागद घेतले, फोटो काढला, कॉम्प्युटरवर सगळं भरलं, नि मंजुरी आली. औषधं, तपासण्या, पोरीचं जेवण, सगळं त्यातच. घरी गेल्यावरची दहा दिवसांची औषधंसुद्धा. आणि परत यायचं भाडं देतात हो! एस.टी.चं. सासऱ्यांना ते खरंच वाटेना. मांडीवरच्या नोटा मोजतायत नि म्हणतायत, "ह्ये कशापायी?"

आणि ऑपरेशन म्हणजे तरी काय, छाती उघडलीच नाही! मांडीच्या शिरेतून बारीक नळी वर नेली नि छिद्रावर छोटीशी छत्री बसवली. छत्रीच म्हणतात ते तिला. पोरगी तीन दिवसांनी वॉर्डात पळत होती. पण इथंच सगळा घोळ झाला ना...

कारण टाकाच नाही! आता आपल्याकडं ऑपरेशन म्हटलं की टाका पाहिजे. माझ्या सिझरला अजून बायका विचारतात, आडवा का उभा. गिरणीवाल्या आजीच पहिल्यांदा निराश झाल्या. फ्रॉक वर करून करून बघतात, पोरीची छाती गुळगुळीत. "मंग केलं काय त्यांनी?" आणि हे कानावर गेलं कोपऱ्यावरच्या वहिनींच्या. झालं! वहिनी मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "तुम्हाला म्हणून सांगते, फुकट झालं म्हणतात, टाका दिसत नाही, पोरगी आठवड्यात परत. मग ऑपरेशन झालं कुठं? आणि आपले पैसे गेले कुठं?" मी काहीच बोलले नाही. नुसतं "हूं" म्हटलं. "हूं" म्हणजे काही हो म्हणणं नव्हे.

मग त्या रात्री पावणेअकराला ग्रुपवर वहिनींचा मेसेज. "वर्गणीचा हिशोब मिळेल का? माझे अकराशे होते." दोन मिनिटांत डिलीट! पण डिलीट केलेलं दिसतंच ना, आणि आमच्या ह्यांनी तर आधीच वाचला होता. सकाळी दूध घ्यायला आलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. गिरणीवाल्यांनाही.

आता या हळदीकुंकवाला.

सगळ्या जमलेल्या. तिळगूळ चालू, वाण म्हणून स्टीलचे छोटे डबे. सून आली, पोरीला कडेवर घेऊन. काठापदराची साडी, बाकी कधी दिसते का तशी? बसली शांत. मास्तरीणबाई विषय काढायला नको म्हणून धर्मादाय हॉस्पिटलांचं सांगायला लागल्या, की तिथं दहा टक्के खाटा निर्धनांना पूर्ण मोफत असतात नि दहा टक्के दुर्बलांना निम्म्या दरात, कायदाच आहे म्हणे. कुणाचं लक्ष नव्हतं. सगळ्यांचे डोळे पोरीच्या फ्रॉककडं. शेवटी वहिनींनाच राहवलं नाही. गोड आवाज काढून म्हणाल्या, "बघू गं बाळा, कुठं बाऊ झाला?"

सुनेनं पिशवीतून फाइल काढली. म्हणजे ती घेऊनच आली होती! आधी डिस्चार्ज कार्ड. मग तो काळा फोटो, त्यात छत्री अशी चमकताना दिसते. मग मंजुरीचा कागद. आणि मग, अहो, गिरणीची वही! त्या लाल वहीत सासऱ्यांनी एक-एक रुपया लिहिलेला. हॉस्पिटलजवळच्या खोलीचं भाडं. सासूसुनेचं जेवण. टॅक्सी दोनदा. वडापाव चार. गिरणी बंद होती त्या दिवसांचं मात्र काही लिहिलेलं नाही, ते मी नीट बघितलं. उरलेले पैसे पाकिटात घालून आणलेले. म्हणाली, "ऑपरेशनला काही लागलं नाही, पण तिथं राहायला तुमचेच पैसे आले कामाला. हे उरलेले. काकांकडं द्यायचे होते, पण म्हटलं सगळ्यांसमोर द्यावेत."

कुणी काही बोलेना. पंख्याचा आवाज येत होता. आणि एवढ्यात वहिनींचा हात पुढं! मला वाटलं पाकीट उचलतात की काय. तर डबा उचलला वाणाचा, आणि उगाच झाकण उघडझाक. तोंड असं उतरलं होतं की मला दया आली. थोडीशीच. बँकवाल्या काकू मात्र फाइलकडं बघत होत्या. एक-एक कागद उलटून बघत होत्या. मला तेव्हाच शंका आली होती.

आणि हे आता कुणाला बोलू नका. त्याच रात्री, दिवे गेल्यावर, काकू ह्याच कुंपणाशी आल्या. इथं, तुम्ही उभ्या आहात तिथंच. इकडचं-तिकडचं बोलल्या आणि मग हळूच विचारतात, "का हो, ते सिव्हिलला... पांढऱ्या कार्डवाल्यांना चालतं का?"

तुम्हाला आठवतं, त्यांच्या नातवाच्या बारशाला आपण गेलो होतो? त्या बाळाचे पाय कुणी पाहिले होते? नाही ना! दुपट्यात असं घट्ट गुंडाळलेलं, मी म्हटलंसुद्धा, अहो उकडतंय, सोडा जरा. तर लेक डोळे मोठे करून बघायला लागली. अहो, पाऊल आत वळलेलं होतं हो बिचाऱ्याचं, जन्मतःच. दोन्ही. हिंजवडीत एवढ्या मोठ्या नोकऱ्या दोघांच्या, पण कुणाला सांगायला तयार नाहीत. पुण्यात दाखवायचं तर ऑफिसातलं कुणीतरी भेटेल म्हणून लेक बाळाला घेऊन इथं आईकडं येऊन राहिलेली. आणि काका रोज नऊला दुसऱ्याच्या पोरीसाठी यादी टाकतायत!

मी सांगितलं काकूंना, ह्याला कार्डाचं काय विचारताय, सिव्हिलला उपचार सगळ्यांनाच फुकट आहेत, १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे घेत नाहीत. आणि पाऊल सरळ होतं हो, लवकर गेलं तर ऑपरेशनही फारसं लागत नाही. दर आठवड्याला प्लॅस्टर, थोडंथोडं वळवत नेतात. पाच-सहा वेळा बदललं की टाचेमागच्या शिरेला एक बारीकसा छेद. मग ते बूट, मध्ये दांडी असते ते. आधी तीन महिने जवळजवळ दिवसभर, पुढं चार वर्षांचा होईपर्यंत झोपताना. कंटाळा केला तर मात्र पाऊल परत वळतं. काकू पदराचं टोक पिळत होत्या. म्हणाल्या, "ह्यांना कसं सांगू? हे म्हणतात, तिथं रांगेत कोण बसणार."

बसले हो! दोघं बसले. आणि कुणाशेजारी, सांगा? गिरणीवाल्यांची सून पोरीला परत दाखवायला गेली होती, तर बाकड्यावर काका, मांडीवर बाळ, बाळाचे पाय प्लॅस्टरमध्ये, आणि काकांनी वर्तमानपत्र उघडून तोंडापुढं धरलेलं. तिनं काय करावं? ओळख दाखवली नाही, विचारलं नाही. फक्त म्हणाली, "आजोबा, प्लॅस्टरवाले अकरा नंबरच्या खोलीत बोलावतात, इथं बसून राहाल तर नंबर जाईल." गल्लीत आल्यावरही ती कुणाला बोलली नाही. मला बोलली, पण मी काय, मी घरच्यासारखीच.

आता आपल्या गल्लीचं बघा. गेल्या पंधरवड्यात तहसीलला गेले असाल तर दिसलं असेल. मी गेले होते, आमचंही कार्ड ऑनलाइन करायचं होतं, त्यात लपवायचं काय? तर रांगेत पुढं मास्तरीणबाईंचे यजमान. मला बघून म्हणतात, सातबारा काढायला आलोय. पुरवठा शाखेच्या रांगेत सातबारा! त्यांच्या मागं दोन गाड्यावाले, एक्कावन्नवाले. ते भिंतीकडंच तोंड करून उभे. आणि कोपऱ्यावरच्या वहिनी तर थेट टेबलाशी, कार्ड पुढं करून क्लार्कला विचारतायत, "आमच्या सुनेला सातवा महिना चालू आहे, बाळाचं नाव आधी घालता येईल का?" क्लार्क म्हणाला, "बाई, जन्माला तर येऊ द्या."

ते पाकीट? ते अजून काकांकडंच आहे. कुणी परत मागितलं नाही. कोण मागेल आता! मी सुचवलंय, ताईंच्या अंगणवाडीला पोरांची वजनं करायचा काटा नवीन घ्या, जुना अर्धा किलो जास्त दाखवतो. बघू या.

पण काका बदललेत हं. आता तेच सगळ्यांना सांगत सुटलेत. परवा पारावर चार जणांना घेऊन बसले होते, म्हणतात, "लक्षात ठेवा, एक पाच पाच तीन आठ आठ. टोल फ्री. मी शोधून काढलाय." ताई अंगणवाडीला कुलूप लावून तिथूनच निघाल्या होत्या. थांबल्या आणि म्हणाल्या, "काका, तो नंबर आमच्या दाराच्या मागच्या बाजूला किती वर्षं लिहिलेला आहे. तुम्ही दर सव्वीस जानेवारीला झेंड्याला येता, तेव्हा दार उघडं असतं ना, म्हणून दिसत नाही तुम्हाला."